तिसरं वाक्य

"नव्या सूनबाईला कोणतं वाक्य द्यायचं?" पेटीचा भाता सोडत आप्पांनी विचारलं.

"'आम्हास परीक्षेत आणू नको' हे द्या," माझी नणंद सुवार्ता म्हणाली. "सासरी आलीये, पहिल्या दिवसापासून कामाला येईल."

सगळे हसले. मीही पदराआड हसले. लग्न होऊन जालन्याहून नेवासे तालुक्यातल्या त्या गावात मी आले, त्याची ती पहिलीच संध्याकाळ. माघाची थंडी होती. शहाण्या माणसांनी दार लावून घरात बसावं, तर माझं सासर उघड्या पडवीत कुडकुडत बसलं होतं. पडवीच्या तोंडाशी, जिथून परसात आणि पुढे ओढ्याकडे उतरायचं, तिथेच आप्पांची बाज आडवी टाकलेली. तिच्यावर ते स्वतः, पुढ्यात पेटी. खाली सतरंजीवर सासूबाई, माझे यजमान दिनकर, सुवार्ता आणि मी.

"आप्पा, आत बसू या का? नवीन माणूस गारठलंय," दिनकर म्हणाले.

"प्रार्थना हितंच व्हईल," आप्पा म्हणाले आणि विषय संपला. त्या घरात आप्पा म्हणजे शांतवन हिवाळे यांचा शब्द शेवटचा. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आम्ही त्याला देऊळच म्हणतो, ते पंच होते आणि भजनाला पेटी धरायचे. गावातलं कोणतंही कुत्रं कोणत्या सुरात रडतंय तेसुद्धा त्यांना ओळखू यायचं, असा कान.

माझ्या माहेरी प्रभूची प्रार्थना सगळे एका दमात म्हणत. वडील रविवारच्या शाळेचे मास्तर, मुलं भुकेलेली, त्यामुळे 'आमेन' आणि ताट यांच्यात फारसं अंतर नसे. हिवाळ्यांच्या घरची रीत वेगळी. इथे प्रार्थना वाटून घ्यायची. एकेकाला एकेक वाक्य, आणि तेही आप्पांनी बांधलेल्या चालीवर गाऊन. ज्याचं वाक्य त्यानंच म्हणायचं. पाव्हणा आला तर त्यालासुद्धा काहीतरी मिळे.

देवळाची सांजेची घंटा झाली. आप्पांनी सूर धरला. "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." सासूबाईंनी बारीक, गोड आवाजात पुढचं घेतलं. "तुझे नाव पवित्र मानिले जावो..."

आणि पुढे कोणीच काही म्हणेना.

चाल तिथे वर चढायची होती हे कोणाच्याही लक्षात आलं असतं. पेटी सूर धरून वाट बघत होती. मी डोळे किलकिले करून पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, लग्नाच्या धांदलीत कोणीतरी विसरलं. आता मी मास्तरांची मुलगी. प्रार्थनेतलं वाक्य गळलेलं मला कसं सोसावं? मी छातीत दम भरला आणि जालन्याच्या पद्धतीनं खणखणीत म्हटलं, "तुझे राज्य येवो!"

पेटी थांबली.

आप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे रागानं बघतील म्हणून मी अंग चोरलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते अंधारू लागलेल्या ओढ्याकडे बघत होते, मान जरा कलती करून. मग त्यांनी भाता मिटला, "आज एवढंच," म्हणाले आणि आत निघून गेले. रोजची भाकर मागायची राहिली, परीक्षेचं माझं वाक्यही राहिलं. परीक्षा मात्र सुरू झाली होती.

"ते वाक्य म्हणायचं नसतं," दिनकर हळूच म्हणाले.

"प्रार्थनेतलं वाक्य म्हणायचं नसतं?"

"ते रत्नाकरदादाचं आहे."

मोठे दीर रत्नाकर वेगळे राहतात, एवढंच मला माहीत होतं. लग्नात ते दिसले नव्हते आणि नव्या नवरीनं विचारायचं तरी कोणाला? दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता सासूबाईंनी सगळं सांगितलं.

गावात देऊळ एकच, पण ख्रिस्ती वस्त्या दोन. ओढ्याच्या अलीकडची आमची, पलीकडची त्यांची. दोन्हीकडे पवित्र शास्त्र तेच, गाणी तीच, नाताळच्या करंज्यासुद्धा त्याच. पण बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या तरी कोणाचा पणजोबा कोणत्या वाड्यातून आला, ते अजून कोणी विसरलं नव्हतं. देवळात अलीकडचे पुढे बसत, पलीकडचे मागे. कोणी सांगितलं नव्हतं, सवय होती. आणि पाणी एकमेकांचं चालत नव्हतं. रत्नाकरभाऊजींनी पलीकडच्या अलीशिबाशी लग्न केलं. देवळातच केलं, पाळकसाहेबांनी लावलं. नवरी घेऊन ते घरी आले. नव्या नवरीनं रिवाजाप्रमाणे सासऱ्यांपुढे पाण्याचा तांब्या धरला.

"मग?"

"आप्पांनी तांब्याकडं बघितलंच न्हाई," सासूबाई म्हणाल्या. तव्यावरची भाकरी जळत होती, ती त्यांनी उलटली नाही. मीच उलटली. "लई येळ धरून उभी होती गं पोरगी. हात कापायला लागला तिचा. मग रत्नाकरनं तांब्या तिच्या हातातून घेतला, खाली ठेवला, आन् तिला घिऊन गेला. जाताना म्हणला, हिच्या हातचं पाणी ज्या दिवशी चालंल त्या दिवशी येतो."

"आणि आप्पा?"

"आप्पांनी बाज उचलून पडवीच्या तोंडाशी टाकली. म्हणले, ओढ्याकडं जायचं तर समोरच्या दारानं गावाला फेरा घालून जा, हितून कुणी जायचं न्हाई. आन् सांजच्याला म्हणले, ते वाक्य रत्नाकरचं हाये, दुसऱ्या कुणी म्हणायचं न्हाई. दोन वर्सं व्हतील आता."

मला आप्पांचा मनस्वी राग आला. म्हातारा देवाशीसुद्धा हट्ट धरून बसला होता! पण राग टिकू द्यायचे नाहीत ते. त्याच दुपारी उपरण्यात बोरं घेऊन आले आणि माझ्यापुढे ओतली. "घे. तुमच्या जालन्याला प्रार्थना काय गाडी पकडायला म्हणत्यात का गं? केवढ्यानं वरडलीस! पारावरची वटवाघळं उडाली." मी हसले. ते समाधानानं निघून गेले. चूक माझी होती की त्यांची, हे त्या बोरांत विरघळून गेलं.

प्रार्थना मग रोज व्हायची, त्या एका जागी थबकून. आणखी एक गंमत माझ्या ध्यानात आली. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' हे वाक्य सगळ्यांनी मिळून म्हणायचं असे, आणि नेमका तिथेच आप्पांना खोकला यायचा. वाक्य संपलं की खोकला थांबायचा. सुवार्ता माझ्याकडे बघून डोळे मिचकवायची.

पिठाची गिरणी पलीकडच्या वस्तीत होती. समोरच्या दारानं गावाला फेरा घालून मी दळण घेऊन गेले. गिरणीत माझ्या पुढे एक उंच, सावळी बाई उभी होती. माझ्या डब्यावरचं 'हिवाळे' नाव वाचून ती हसली.

"म्हणजे तू जालन्याची करुणा. मी अलीशिबा."

मी वाकून तिच्या पाया पडायला गेले, तर तिनं मधेच धरलं. "पिठात हात भरलेत माझे, पाया काय पडती? उन्हात आलीस, पाणी पी आधी." तिनं शेजारच्या आपल्या घरातून पाणी आणलं. मी प्यायले. ती बघत होती, आणि मी तांब्या रिकामा केल्यावर तिनं नुसता श्वास सोडला.

"ताई, तुम्हाला राग येत नाही?" मी विचारलं.

"सुरुवातीला आला. आता न्हाई. मला त्या घरातलं कायबी नको, करुणा. हे जेवताना घास हातात धरून वढ्याकडं बघत बसत्यात, तेवढं थांबलं पायजे." मग गिरणीच्या आवाजात तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "एक विचारू? सांजच्याला तिकडं ऐकू येतं का?"

"काय?"

"घंटा झाली का हे वढ्याच्या काठाला जात्यात. आप्पांचं वाक्य मनात म्हणत्यात, आईचं मनात म्हणत्यात. मग सोताचं वाक्य मोठ्यानं गात्यात, आन् माघारी येत्यात. थंडी असू, पाऊस असू. मी म्हणते, कोण ऐकतं तुमचं? तर म्हणत्यात, ज्याला म्हणतो तो ऐकतो. पर मला वाटतं..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

रत्नाकरभाऊजी कांद्याच्या बाजारात बोली पुकारायचे. असा आवाज तालुक्यात दुसरा नव्हता, असं लोक म्हणत. पण देवळात ते मागच्या बाकावर मुके बसत. बापाच्या पेटीवर गाणार नाही, हा त्यांचा हट्ट. खाण तशी माती.

त्या संध्याकाळी मी डोळे मिटले, पण कान उघडे ठेवले. "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." आप्पा. "तुझे नाव पवित्र मानिले जावो..." सासूबाई. मग ती रिकामी जागा. दूर कोणाची तरी म्हैस हंबरली. ऊस गाळायच्या चरकाचा आवाज येत होता. आणि त्या सगळ्याच्या खालून, अगदी बारीक, ओढ्याच्या बाजूनं वर चढत जाणारी तीच चाल आली. शब्द कळत नव्हते. सूर मात्र आप्पांच्या पेटीवर चपखल बसला.

मी डोळे उघडले. आप्पांची मान कलती होती. ओठ हलत होते. तो सूर विरेपर्यंत त्यांनी पेटीवरचं बोट उचललं नाही. मग दिनकरांना खूण झाली आणि त्यांनी "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही" सुरू केलं, रोजच्यासारखं, काही न कळता.

पहिल्या दिवशी मी काय केलं होतं ते मला तेव्हा समजलं. दिवसभरात मुलाचा आवाज ऐकायची त्यांची ती एकच घटका, आणि मी तिच्यावर ओरडले होते. थंडीत उघड्यावर बसायचं का, तेही समजलं. मला रडू आलं. सासूबाईंनी डोळे मिटल्या मिटल्याच माझा हात दाबला. त्यांना सगळं ठाऊक होतं. रात्रीची भांडी घासताना मी म्हणाले, "आई, मला वाटलं आप्पांनी रागानं ते वाक्य बंद केलं."

"राग असता तर दिनकरला नसतं का दिलं? जागा धरून ठिवलीये म्हाताऱ्यानं," त्या म्हणाल्या. "पर सांगायची सोय न्हाई. बोलून दाखवलं तर उद्यापासून आत बसंल."

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश नेमका प्रभूच्या प्रार्थनेवर होता. "राज्य म्हटलं की आपल्याला मुलूख आठवतो," ते म्हणाले. "प्रभू आपल्याला मुलूख मागायला शिकवत नाही. जिथे राजाचा शब्द चालतो, तिथे राजाचं राज्य. 'तुझे राज्य येवो' म्हणणाऱ्यानं आधी घरी जाऊन बघावं की आपल्या घरात शब्द कोणाचा चालतो."

"आपल्या घरात आप्पांचा," सुवार्ता माझ्या कानात कुजबुजली. मी तिला चिमटा काढला. देवळातली निम्मी डोकी आप्पांकडे वळली होती, आणि आप्पांनी सगळ्यांच्या वरताण आवाजात "आमेन" म्हटलं. मागच्या बाकावर रत्नाकरभाऊजी खाली मान घालून बसले होते. बायकांच्या बाजूला, अगदी मागे, अलीशिबाताई. मला वाटलं, उपदेश ऐकून आप्पा आता काहीतरी करतील. कसचं काय! घरी येऊन दोन वाट्या रस्सा ओरपला आणि बाजेवर घोरत पडले.

त्याच आठवड्यातली ती संध्याकाळ. घंटा झाली. आप्पा म्हणाले, सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही थबकलो.

मी कान लावला. चरक त्या दिवशी बंद होता, वारा पडला होता. एरवी ऐकू आलं नसतं तेसुद्धा ऐकू आलं असतं. पण ओढ्याकडून काही आलं नाही.

पेटीच्या भात्यातला वारा संपला, सूर मेला. आप्पांनी पुन्हा भाता भरला, पुन्हा तोच सूर धरला. सूर पुन्हा मेला. दिनकरांनी सवयीनं "जसे स्वर्गात..." सुरू केलं.

"थांब," आप्पा म्हणाले. "अजून आलं न्हाई."

"काय आलं नाही, आप्पा?"

"तुझ्या भावाचं वाक्य."

दिनकर तोंड उघडं टाकून बघत राहिले. दोन वर्षं त्या पडवीत बसून त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. सुवार्तेची तर बोलतीच बंद झाली, आणि तिची बोलती मी पहिल्यांदाच बंद झालेली बघत होते.

"एक दिस चुकला न्हाई तो," आप्पा म्हणाले. "आखाडातल्या पावसात चुकला न्हाई. अंगात ताप हुता तवाबी आवाज वळखू आला मला. आज काय झालं?" त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. "मार्था, काय झालं असंल गं?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

आप्पांनी पेटी बाजूला सारली, बाजेवरून आतल्या बाजूला उतरले आणि परसाकडे निघाले. पण मध्ये बाज. स्वतःच आडवी टाकलेली ती बाज त्यांना ओलांडता येईना. एक पाय पलीकडे गेला, दुसरा धोतराच्या सोग्यात अडकला. दिनकर म्हणाले, "समोरनं चला आप्पा, मी कंदील घेतो."

"फेरा घालायला टायम न्हाई!" आप्पा ओरडले. कसाबसा दुसरा पाय ओढून ते खाली उतरले आणि उलटसुलट वहाणा घालून ओढ्याकडे चालू लागले. आम्ही सगळे बाजेवर चढून, उतरून त्यांच्या मागे. अजून अंधुक दिसत होतं. ओढ्याला घोट्याइतकं पाणी. दोन वर्षांत त्या पाण्यात त्यांनी पाय घातला नव्हता. पायाखालचे दगड मात्र त्यांना अजून पाठ होते. आम्ही धडपडत होतो, ते सरळ पलीकडे गेले.

अलीशिबाताईंच्या घराचं दार उघडं होतं. आत दिवा होता. आप्पा उंबऱ्याशी चौकट धरून उभे राहिले, धापा टाकत. त्यांच्या खांद्यावरून मी आत बघितलं. रत्नाकरभाऊजी पाटावर बसून, मान वर करून, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते. बापाला बघितलं आणि ती गुळणी त्यांनी गिळूनच टाकली.

"जित्ता हायेस ना?" आप्पांनी विचारलं.

भाऊजींनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"घसा बसलाय त्यांचा, आप्पा," अलीशिबाताई पुढे होत म्हणाल्या. त्यांनी घाईनं डोक्यावर पदर घेतला. "बाजारात कांदा लई आलाय. चार दिस झालं, वरडून वरडून आज आवाजच गेला."

"म्हणून म्हणला न्हाई व्हय?"

"गेले हुते काठाला. तोंड उघडलं, पर आवाज निघंना. रडत माघारी आले. मी म्हणलं, आजच्या दिस मी म्हणते, तर हातानं न्हाई न्हाई केलं." त्या थांबल्या. "मला खरं वाटत न्हवतं, आप्पा, तिकडं कुणी ऐकत असंल म्हणून."

आप्पा मुलाकडे बघत राहिले. मुलगा बापाकडे. दोघांचीही मान एकाच बाजूला कलती होती, हे मला तेव्हाच दिसलं. मला वाटत होतं, आता तरी म्हाताऱ्यानं काहीतरी बोलावं. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. आता हा माणूस 'बरं हायेस तर बरं' म्हणून उलटपावली फिरला, तर पुन्हा या उंबऱ्याशी यायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"पोरी," शेवटी आप्पा म्हणाले, "पाणी हाये का गं घरात? चालून घसा वाळला."

ताईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. जणू आपण बरोबर ऐकलं की नाही याची खात्री होत नव्हती. मग माठातून तांब्या भरून त्यांनी आप्पांपुढे धरला. पाणी हिंदकळत होतं. आप्पांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. आमच्याकडे पाणी वरून पितात, तांब्याला ओठ लावत नाहीत, अगदी घरातल्या घरातसुद्धा. आप्पांनी तांब्याला तोंड लावलं. घोट घोट करून प्यायले, मिशा पुसल्या आणि तांब्या सासूबाईंच्या हातात दिला. त्याही तोंड लावून प्यायल्या. मग दिनकर, मग मी, मग सुवार्ता. देवळात प्रभुभोजनाचा प्याला फिरतो तसा तो तांब्या फिरून ताईंच्या हातात परत आला, तेव्हा त्यात घोटभरच उरलं होतं. तेवढं त्या प्यायल्या आणि भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडल्या. सासूबाईंनी त्यांना पोटाशी धरलं.

आप्पा आत येऊन जमिनीवरच बसले. "बसा सगळे. प्रार्थना अर्धी राहिलीये."

पेटी नव्हती. आप्पांनी नुसत्या गळ्यानं सूर धरला. "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." सासूबाईंनी पुढचं म्हटलं, रडक्या आवाजात, बेसूर. मग तिसरी जागा आली. भाऊजींचे ओठ हलले. आवाज नाहीच.

"अलीशिबा," आप्पा म्हणाले. ते नाव त्यांच्या तोंडून त्या घरातल्या कोणीही याआधी ऐकलं नव्हतं. "तू म्हण."

"ते ह्यांचं वाक्य हाये, आप्पा."

"त्यानं लई दिस एकट्यानं वढलं. बघ, घसा बसला. म्हण तू."

ताईंना चाल माहीत होती. दोन वर्षं रोज काठावरून ऐकलेली. त्यांनी डोळे मिटले आणि हळू आवाजात गायलं, "तुझे राज्य येवो." चाल वर चढली तिथे आवाज फाटला. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. दिनकरांनी त्यांचं वाक्य घेतलं, सुवार्तेनं भाकर मागितली, आणि मग सगळ्यांनी मिळून ऋणाचं वाक्य म्हटलं. मी आप्पांकडे बघत होते. खोकला आला नाही. उलट त्या वाक्यात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

'आमेन' झाल्यावर सुवार्ता म्हणाली, "भाकर मागितलीये, आता द्या." तिची बोलती परत आली होती. ताईंनी चुलीत लाकडं सारली. त्या रात्री आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. भाऊजींना गिळता येत नव्हतं, म्हणून आप्पांनी त्यांच्या ताटात भाकरी कुस्करून दिली, लहान मुलाला देतात तशी. भाऊजी चाळिशीकडे झुकलेले, तरी गुपचूप खात होते.

भाऊजींचा आवाज पुढे परत आला. त्यांनी आपलं वाक्य मागितलं, तर आप्पा म्हणाले, "ते आता सुनंचं. तू कुठलंबी घे, तुझा आवाज कुठंबी चालतो." देवळात मात्र ते पुन्हा पेटीवर गायला लागले, आणि आप्पा पहिल्या बाकावरून उठून पेटीसकट मधोमध येऊन बसू लागले. वस्त्यांचं पाणी लगेच एक झालं असं नाही. त्याला वर्षं लागली, भांडणंही झाली. आता आप्पा नाहीत, आई नाहीत. पण मला ती सगळी वर्षं आठवत नाहीत. मला दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते.

मी अंगण झाडत होते. परसाकडून खडखड आवाज आला म्हणून मागे गेले. आप्पा एकटेच बाजेचं एक टोक धरून ओढत होते. दिनकर डोळे चोळत बाहेर आले.

"आप्पा, हे काय? तुम्हीच म्हणाला होता ना, ही हितून हलवायची न्हाई?"

"म्हणलो हुतो," आप्पा म्हणाले. "तवा ह्या घरात माझं राज्य हुतं. उचल ते टोक."

दिनकरांनी उचललं. ओढ्याच्या बाजूनं डोक्यावर पिठाचा डबा घेतलेल्या अलीशिबाताई दगडांवरून सांभाळून येत होत्या, मागे भाऊजी. पडवीच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या होत्या.

"कुठं ठिवू, आप्पा?" दिनकरांनी विचारलं.

आप्पा ओढ्याकडे बघत होते. वळलेसुद्धा नाहीत.

"ठिव कुठंबी," ते म्हणाले. "वाटंत नको."